पांढरं दाखवताना

अण्णा, तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. खरं तर मला विचारायला सांगितलंय. पुण्याहून एका बाईंचा फोन आला होता. मी सध्या जी डॉक्युमेंटरी करतेय, तिच्यातलं एकेक वाक्य धरून ‘हे तुम्हाला कशावरून माहीत?’ असं विचारायचं, हे त्या बाईंचं काम. बोलणं गोड, पण सोडत काही नाहीत. मी सांगलीच्या घरी स्वयंपाकघरात उभी, एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलथनं. त्या म्हणाल्या, “तुमच्या निवेदनात असं आहे, की बहिणीच्या लग्नाच्या दिवशी पहाटे तो जवान घरी पोचला. कशावरून?” मी म्हणाले, “लग्नाची कॅसेट आहे, तिच्यात तो दिसतो.” “कॅसेट कुणी काढली?” “माझ्या वडिलांनी.” “अरे वा, मग सोपंच आहे,” त्या म्हणाल्या, “त्यांनाच विचारता येईल का?” तव्यावरची चपाती करपली, अण्णा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता तुमची साक्ष काढायची वेळ आली.

आधी ही बाई कोण, कुठली, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मध्येच उठून दुकानात जाल. मला एक ग्रँट मिळालीय. माझ्यासारखी माणसं, जी बातमीदारासारखं विचारत, तपासत, पुरावे बघत फिल्म करतात, त्यांना फिल्म पुरी करता यावी म्हणून एक संस्था हे अनुदान देते. पहिल्या वेळी मला नकार आला, दुसऱ्या वेळी होकार. या संस्थेचं कुणीही फिल्ममध्ये दिसणार नाही, कुणाचा सत्कार नाही, काय दाखवायचं ते त्यांनी सांगायचं नाही. त्यांच्या अटी वेगळ्याच आहेत. कुणाला बोलण्यासाठी काही द्यायचं नाही. कुणावर ठपका येत असेल तर त्याला आधी जाऊन विचारायचं. कुणाकडून काही मुद्दाम करवून घ्यायचं नाही, आणि घेतलंच तर बघणाऱ्याला तसं सांगायचं. आणि शेवटी पुण्याच्या या बाई. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, “आगं, मग त्यांस्नी त्यातनं काय मिळतंय?” मी त्यावर काहीतरी भारी उत्तर दिलं असतं आणि तुम्हाला ते पटलं नसतं. तुमचा सगळा धंदा ‘ज्याचं लग्न त्याची कॅसेट’ या एका तत्त्वावर चालला होता. इथे लग्न एकाचं, कॅसेट तिसऱ्याचीच, आणि खर्च करणारा मांडवात जेवायलासुद्धा येत नाही.

ग्रँट नव्हती तेव्हा मी काय करत होते, तेही सांगते. शाळांची स्नेहसंमेलनं, कारखान्याच्या ‘प्रगतीचा आढावा’, एका दवाखान्याची जाहिरात. या फिल्मसाठीसुद्धा एक इच्छुक पुढारी तयार झाला होता. विषय जवानांच्या गावाचा म्हटल्यावर तो उडीच मारायला लागला. त्याची अट एवढीच, की सुरुवातीला साहेबांच्या शुभेच्छा, शेवटी साहेबांचा तिरंग्यासह फोटो आणि मध्ये कुठेतरी साहेब वीरमातेच्या पाया पडताना. मी म्हणाले, पण तुम्ही तिच्या घरी कधी गेलाच नाहीत. तो म्हणाला, “मग जाऊया की ताई, तुम्ही कॅमेरा घेऊन चला.” मी भडकले आणि कॅमेरा घेऊन निघून आले. माझा हा तापटपणा तुमच्याकडून आलेला नाही, आईकडून आलाय, हे तुम्ही नेहमी सांगायचा.

तुम्हाला मात्र अशा माणसाचा राग आला नसता. कोरेगावच्या एसटी स्टँडसमोरचं ते आपलं दुकान, पुढे फोटो, मागे कॅसेट मिक्सिंगची काळोखी खोली. कॅसेट तयार झाली की तुम्ही ती पिशवीत घालून स्वतः त्या घरी जायचा. सगळं घर टीव्हीसमोर जमायचं, शेजारपाजारचेही यायचे, चहा व्हायचा आणि मग सुरू. “अण्णा, थोरल्या मामाचं तोंड दिसंना.” “अण्णा, हितं सासूबाई रागानं बघत्यात, तेवढं काढा.” आणि तुम्ही तेवढं काढायचा. मामा वाढवायचा. सगळ्यावर सनई, सनई संपली की सिनेमाची गाणी, म्हणजे कुणाचा एक शब्द ऐकू येऊ नये. मी मुलगी म्हणून तुमच्याबरोबर तो मोठा दिवा धरून मांडवात उभी राहिले आहे आणि तुमचा ‘पुन्हा एकदा’ हजार वेळा ऐकला आहे. हार नीट पडला नाही, पुन्हा एकदा. घास भरवताना नवरदेवाची पाठ आली, पुन्हा एकदा. भटजीसुद्धा तुमच्या बोटाकडे बघून अक्षता टाकायला सांगायचे.

शिकवायचा मात्र कडक. दोनच गोष्टी होत्या. पहिली, पांढरं दाखवणं. जागा बदलली, ऊन बदललं, की कुणाची तरी पांढरी टोपी मागून घ्यायची, ती भिंगासमोर धरायची आणि बटण दाबायचं. “ह्याला पांढरं काय त्ये एकदा नीट दाखीव, मग बाकीचं रंग त्योच नीट दाखवतो.” दुसरी, लाल दिवा. कॉलेजला असताना एका लग्नात मी कन्यादानाच्या वेळी बटण दोनदा दाबलं. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मला वाटलं सुरू आहे. कन्यादान झालं, मी बंद करायला दाबलं तेव्हा ते सुरू झालं, आणि माझ्या कॅसेटवर नंतरची पाच-पन्नास पावलं आणि एक उलटा पडलेला तांब्या. तुम्ही चारचौघांत ओरडला नाहीत. घरी येताना स्कूटर थांबवून म्हणालात, “आधी लाल दिवा बघायचा, मग मानूस बघायचा.” आणि परत स्कूटर सुरू केलीत.

त्यानंतर मी पुण्याला पत्रकारिता शिकायला गेले आणि पहिल्याच दिवाळीत घरी येऊन तुम्हाला शहाणपण शिकवलं. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसून भाकरी खात होता, आई चुलीपाशी होती. मी म्हणाले, तुमच्या कॅसेटमधलं सगळं खोटं असतं, झालं तसं काहीच नसतं. आई म्हणाली, “जेवू दे गं त्यांना.” तुम्ही सगळा घास नीट खाल्लात, पाणी प्यालात आणि म्हणालात, “खरं बघायचं तर लोक घरात बसून रोज बघत्यात की. त्यासाठी मला कशाला बोलवतील?” माझं तोंड फुगलं. आता मी स्वतः पत्रकारिता शिकवते, ती गोष्ट मुलांना वर्गात सांगते, हसतात.

आता फिल्मचं सांगते. नाव ‘सुट्टी’. कोरेगाव तालुक्यातलं ते गाव तुम्हाला ठाऊक आहे, जिथे घरटी एक माणूस फौजेत आणि गावाचं सगळं वेळापत्रक सुट्टीवर. लग्नाची तारीख सुट्टीवर, घराचा स्लॅब सुट्टीवर, भांडण मिटवायचं तेसुद्धा सुट्टीवर. बाकीच्या दिवसांत गाव बायका चालवतात. ऊस, बँक, शाळा, दवाखाना, सगळं. मला त्या बायकांची फिल्म करायची होती. त्यात एक बहीण भेटली, माझ्याच वयाची. तिचा भाऊ नोकरीवर असताना गेला. लढाई नव्हती, वर डोंगरात गाडी दरीत पडली. गावात त्याच्या नावाची कमान आहे. तिने मला लग्नाची कॅसेट दाखवली. वरच्या चिठ्ठीवर अक्षर तुमचं होतं. त्या कॅसेटमध्ये कानपिळी आहे. बहिणीच्या लग्नात भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. तो हसत हसत दाजींचा कान धरतो, दाजी तोंड वाकडं करतात, मुंडावळ्या हलतात आणि वर सनई. त्याचं हलतंचालतं चित्र आख्ख्या जगात एवढंच. बहीण कॅमेऱ्यासमोर म्हणाली, “दादानं लय जोरात कान पिळला.” मी त्यावर निवेदन लिहिलं, की तो लग्नाच्या दिवशी पहाटे पोचला. फिल्मचा सगळा भार मी त्या एका शॉटवर टाकला होता.

फोननंतर दोन दिवसांनी मी सकाळच्या गाडीने कोरेगावला गेले आणि तिथून त्या गावी. बहीण सध्या माहेरीच असते, आईजवळ. आई आता पार थकली, दृष्टी जवळजवळ गेली, आतल्या खोलीत खाटेवर असते. बहीण सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, “ताई, दादा लग्नाच्या दिवशी नक्की किती वाजता आला?” ती म्हणाली, “लग्नाच्या दिवशी कुठं? त्यो मागनं आला.” मी म्हणाले, “पण तुम्हीच म्हणालात, त्यानं कान पिळला.” “पिळला की! कवा पिळला त्ये तुमी कुठं विचारलंत?” मला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं पत्रकारिता शिकवते आणि हा एक प्रश्न राहिला. मग तिने सांगितलं. लग्नात कान चुलतभावाने पिळला होता. दादा आला तेव्हा ती नवऱ्याबरोबर सत्यनारायणासाठी माहेरी आली होती. आईने हट्ट धरला, माझ्या पोरानं कान पिळलेला कॅसेटमध्ये पाहिजे. म्हणून तुम्हाला बोलावणं गेलं. तुम्ही दोघांना पुन्हा मुंडावळ्या बांधल्यात, मांडवाचा एक खांब शिल्लक होता तो मागे घेतलात, आणि दुकानात जाऊन चुलतभावाचा कान काढून सख्ख्या भावाचा घातलात.

मी उठणार तेवढ्यात ती म्हणाली, “आवं ताई, त्येचं हसू बघितलंत का कॅसेटमदी? त्ये खोटं हाय.” शेंगा फोडायचं तिने थांबवलं नव्हतं. तिच्या दादाला हे स्थळ पसंत नव्हतं. सुट्टीवर आला तेव्हा घरात मोठा वाद झाला होता, पोरगा फौजेतला नाही, मला बहीण तिथे द्यायची नाही, म्हणून. तरी लग्न ठरलं. आणि लग्नाला तो आला नाही. “रस्ता बंद हुता म्हनाला. मला न्हाई पटलं. मी बोललेच न्हाई त्याच्यासंगं. कान पिळताना म्हागनं उभी हुते, तरी बोलले न्हाई. मग त्यो गेला ड्यूटीवर, आन् मग गेलाच.” एवढं बोलून तिने सुपातली टरफलं अंगणात टाकली. ती गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नसावी, निदान मला तरी तसं वाटलं. मी कॅमेरा बाहेर काढला नव्हता आणि काढावासाही वाटला नाही.

कोरेगावात दुकानावर गेले. माझा भाऊ आता तिथे मोबाईल दुरुस्त करतो आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापतो. मी त्याला म्हणाले, अण्णांच्या मूळ कॅसेट, कॅमेऱ्यात घातलेल्या, त्या कुठे असतील? तो म्हणाला, “कुठल्या असणार? अण्णा एकीवरच दहा लग्नं घ्यायचे.” खरंच होतं. तयार कॅसेट घरी दिली की मूळ कॅसेटवर पुढचं लग्न, हा सगळ्यांचाच रिवाज. तरी त्याने माळ्यावरून एक खोकं काढून दिलं. त्यात धूळ, गंजलेला दिवा, तुमचा मफलर, आणि एकच कॅसेट. तिच्या पाठीवरची ती छोटी पट्टी मोडलेली. ती पट्टी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. वर काहीही लिहिलेलं नाही. तुम्ही असं कधी करत नव्हता, अण्णा. कॅसेट वाया घालवणं म्हणजे तुमच्या दृष्टीने पाप होतं.

सांगलीला एक जण अजून जुनं यंत्र बाळगून आहे, त्याच्याकडून ती साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि घरी बसून बघितली. सुरुवातीला टोपी. पडदाभर पांढरं कापड आणि कडेला एक अंगठा. तुमचा आवाज, “धर नीट, पांढरं दाखवू दे ह्याला.” मी खुर्चीवरून उठले. तुमचा आवाज मी किती वर्षांनी ऐकत होते! मग कॅमेरा कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, बहुतेक खाटेवर, आणि धूळ बसू नये म्हणून टोपी त्याच्यावरच टाकलेली. तुम्हाला वाटलं बंद आहे. लाल दिवा तुम्ही बघितला नव्हतात, अण्णा! चित्रात नुसतं पांढरं, आणि बोलणं मात्र खणखणीत ऐकू येतं. नवरा-नवरी आत आवरत आहेत. अंगणात तुम्ही आणि तो जवान, दोघंच.

“अण्णा, ती बोलंना माझ्यासंगं.” “कोन?” “बहीन वो. आल्यापास्नं शबूद न्हाई. तिला वाटतंय म्या मुद्दाम आलो न्हाई.” आणि तुम्ही काय विचारलंत? तुम्ही विचारलंत, “आन् मुद्दाम आला न्हाईस का?” पुण्याच्या बाईंनी ऐकलं असतं तर तुम्हाला नोकरीवर ठेवलं असतं. तो म्हणतो, “देवाशपथ न्हाई. वर बर्फानं रस्ताच बंद. खाली उतरता येईना. लोणंदला उतरलो त्ये ट्रकात बसून आलो.” मग काही वेळ नुसता एक कावळा ओरडतो. मग तो रडतोय. मोठा, फौजी माणूस, हुंदके देऊन. “दाजी चांगला मानूस हाय, अण्णा. मीच उगं आडवा गेलो.” “मग जा की आत, सांग तिला.” “आत्ता नगं. म्होरल्या सुट्टीत सांगतो निवांत. तुमी कुनाला बोलू नगा.” “न्हाई बोलत.” मग बांगड्यांचा आवाज, पावलं, टोपी उचलली जाते, डोळे दिपवणारं ऊन, आणि तुम्ही दचकून म्हणता, “तिच्या मायला, चालूच हाय की ह्ये!” आणि बंद. त्यानंतर सुरू होतं ते कानपिळीचं. “दाजी, मान जरा हिकडं. पुन्हा एकदा.” तो हसतो आणि म्हणतो, “दाजी, कान सांभाळा आता.” सनई नाही, गाणं नाही.

पुढची सुट्टी त्याला मिळाली नाही. तो गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही त्या गावी गेला होता, हे मला आठवतंय, कारण परत आल्यावर तुम्ही दुकान उघडलं नाही आणि आईला वाटलं ताप आलाय. त्या दिवशीसुद्धा तिथे ती बहीण समोर असणार, आणि तुम्ही तिला काही सांगितलं नाहीत. दिलेला शब्द पाळलात. पण कॅसेट पुसली नाहीत, पट्टी मोडून माळ्यावर टाकलीत. मला तुमचा इतका राग आला, अण्णा! मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कुणासाठी पाळत होता? ती बाई इतकी वर्षं आपल्या भावाचं हसू खोटं समजून बघत होती. आणि रागाच्या पाठोपाठ वाटलं, की मी तरी काय केलं असतं. माझ्या ग्रँटच्या अटींत एक पान याच्यावरच आहे. ज्याला ठाऊक नाही की आपण टिपले जातोय, त्याचं बोलणं वापरायचं नाही. ज्यानं ‘बोलू नका’ म्हटलं, त्याचं तर नाहीच.

मी पुण्याच्या बाईंना सगळं सांगितलं. कानपिळीचं सोपं होतं. निवेदन बदललं, तो लग्नानंतर पोचला, कानपिळी पुन्हा करून कॅसेटमध्ये घातली, असं सरळ सांगायचं आणि तुमचा ‘पुन्हा एकदा’ तसाच ठेवायचा. त्या म्हणाल्या, “उलट जास्त चांगलं झालं.” टोपीखालच्या बोलण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी ते मला शब्द न् शब्द पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “फिल्ममध्ये नको. पण ते तुमचं नाही आणि आमचंही नाही. ते ज्यांचं आहे त्यांना ऐकवायचं की नाही, हे मी कशी सांगू?” पहिल्यांदाच त्या बाईंना उत्तर ठाऊक नव्हतं आणि मला त्या फार आवडल्या.

सांगलीच्या त्या माणसाचं जुनं यंत्र मागून घेतलं आणि कॅसेट घेऊन मी त्या गावी गेले. बहिणीला आधी सगळं सांगितलं, की दादानं कुणाला बोलू नका म्हटलं होतं, अण्णांनी शब्द दिला होता, आता तुम्ही सांगाल तसं. ती पदराने हात पुसत उभी राहिली. मग म्हणाली, “त्यो म्होरल्या सुट्टीत मला सांगनारच हुता न्हवं? मग लावा.” कॅमेरा लावू का, हेही विचारलं. “लावा की, तुमचं काम हाय त्ये. फिल्मात घालायचं का त्ये मागनं बघू.” मी कोपऱ्यात तिवई उभी केली, बटण दाबलं, तिच्याकडे तोंड केलं आणि कॅसेट सुरू केली. पडद्यावर पांढरं. तिने विचारलं, “काय दिसत न्हाई की.” मी म्हटलं, ऐका. ती ऐकत राहिली. ‘मीच उगं आडवा गेलो’ आलं तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला. बोलणं संपलं तिथे मी कॅसेट थांबवली, तरी ती पांढऱ्या पडद्याकडेच बघत होती आणि त्याच्याशीच बोलली, “अरं, आत यायचं की रं. मी काय लांब हुते व्हय? आतच हुते की.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून खाट वाजली. आम्ही दोघी तिला विसरलोच होतो. भिंतीला धरत म्हातारी दारात आली. “कोन बोलत हुतं?” मग तीच म्हणाली, “माझ्या पोराचा आवाज हाय ह्यो.” घरातली कॅसेट तिने डोळे होते तोवर शेकडो वेळा बघितली होती, पण तिच्यात नुसती तुमची सनई. तो गेल्यापासून तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता, अण्णा. बहीण तिला धरून बसवायला गेली तर तिने हात झटकला. “रडतुया का त्यो?” “व्हय, आई.” “रडू दे. पुन्हा लावा.” मी पुन्हा लावलं. ती भिंतीला टेकून, मान वाकडी करून ऐकत होती, आणि तो लोणंदहून ट्रकात बसून आल्याचं सांगत होता तेव्हा ती मान हलवत होती, जणू तो आत्ताच दारात येऊन हकीकत सांगतोय. कावळा ओरडला त्या जागी ती हसली. म्हणाली, “ह्यो आपल्या जांभळीवरचा.” मीही रडले. लपवून काय करू?

मग बहीण चहा टाकायला उठली आणि मी कॅमेऱ्याकडे बघितलं. लाल दिवा नव्हता. घाईत बटण दोनदा दाबलं गेलं होतं. कन्यादानाच्या वेळी दाबलं तसंच, या वयात, इतक्या फिल्म करून झाल्यावर. माझ्या कार्डावर तिवईचा एक पाय आणि जमिनीवरचं ऊन तेवढं आहे. आणि अण्णा, म्हातारी अजून भिंतीला टेकूनच बसली होती, प्रकाश दारातून बरोबर तिच्या तोंडावर पडला होता, यंत्र तयार होतं. मी नुसतं म्हटलं असतं तर तिने आनंदाने केलं असतं. ‘पुन्हा एकदा’ माझ्या जिभेवर आलं होतं. मी चहा प्याले आणि कॅमेरा आवरला. निघताना बहीण म्हणाली, “त्ये रडलेलं फिल्मात घालू नगा ताई, आमचं हाय त्ये.” कॅसेट मी तिथेच ठेवून आले, यंत्रासकट. यंत्रवाल्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

फिल्म पुढच्या महिन्यात त्या गावच्या शाळेत दाखवायची आहे. तुमचा आवाज तिच्यात आहे, टोपीचं पांढरं आहे, त्याचं ‘दाजी, कान सांभाळा’ आहे. नवरदेवाचं तोंड नीट दिसतं, तक्रार येणार नाही.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू, ते मला माहीत नाही आणि टाकायचंही नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. पुण्याच्या बाईंनी ‘त्यांनाच विचारता येईल का?’ असं म्हटलं, तेव्हा ‘ते आता नाहीत’ एवढं सांगायला हवं होतं. ज्या फिल्ममध्ये एक चुकीचं वाक्य चालत नाही, तिच्यासाठी मी म्हणाले, “विचारून सांगते.” दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलं. पण तो एक दिवस, अण्णा, तुम्ही दुकानात होता आणि मला संध्याकाळी तुम्हाला फोन करायचा होता.